हजेरीपेक्षा जास्त चिंचोके

मास्तर, काल तुमची शोकसभा झाली. नानासाहेब रडले. आपल्या संस्थेचे चिटणीस, खास गिरगावातून टॅक्सी करून आले होते. व्यासपीठावर बसून सारखा रुमाल डोळ्यांना लावत होते, आणि मी पहिल्या बाकावर बसून तो रुमाल ओला होतोय का ते बघत होते. तुम्ही असतात तर हळूच म्हणाला असतात, "बाई, निदान आज तरी सोडा." पण तुम्ही नव्हतात ना. म्हणून मी शेवटपर्यंत बघितलं. रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये, माहीत आहे मला. चांगलं बोलावं, हार घालावा, डोळे पुसत घरी यावं. ते सगळं मी केलं. पण घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि तुमच्याशी भांडायची अशी काही हुक्की आली की म्हणता सोय नाही. शाळा सुटली की अर्धी घटका भांडल्याशिवाय आपण कधी जिना उतरलो नाही. आता भांडू कोणाशी? हेडमास्तर वाद आला की खिडकीबाहेर बघतात, आणि बाकीचे मला घाबरतात.

तुम्ही आलात त्या दिवसापासून मला तुमचा संशय होता. ते मी लपवलंही नाही. मी मालवणची सावंत, मासा घेताना कल्ला उघडून बघणारी. वरळीच्या कोळणी मला लांबून बघितलं की पाटीवरचं फडकं आपणहून बाजूला करतात. त्यात ते दिवस कसे! मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही यावरून सगळं गिरणगाव पेटलेलं. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा संचारबंदी. चाळीत नवा भाडेकरू आला की तो साध्या वेशातला पोलीस असणार अशी कुजबुज व्हायची. लालबागला माझ्या दाराच्या फटीतून सकाळी सकाळी पत्रक आत सरकलेलं असायचं आणि कोण सरकवून जातं ते कधी कळलं नाही. अशात तुम्ही परळच्या आपल्या शाळेत इतिहास शिकवायला आलात, आणि बसायला खुर्ची मिळते न मिळते तोच म्हणालात, वरच्या वर्गांतल्या मुलांचं एक मंडळ करू. मुलांनी निवडून दिलेली मुलं शाळेच्या कारभारात बोलतील.

मी मनात म्हटलं, झालं! हा कुठल्यातरी पक्षाचा माणूस. पोरांना रांगेला लावून मोर्चात न्यायचा बेत आहे याचा.

तसं तोंडावर विचारलंही. तुम्ही खडू पुसत म्हणालात, "बाई, आपलं राज्य कसं असावं ते आपल्याला न विचारता दिल्लीत ठरवतात, म्हणून आपण गल्लीगल्लीत ओरडतोय. आणि इथं या पोरांना आपण कधी काय विचारलं? मधली सुट्टी कधी हवी, एवढंसुद्धा नाही."

"पोरांना काय कळतंय?"

"दिल्लीवालेही आपल्याबद्दल हेच म्हणत असतील."

त्यानं माझा संशय आणखी वाढला. एवढं बिनतोड बोलणारा माणूस सरळ असूच शकत नाही असं माझं मत. नंतर एकदा तुम्ही सहज सांगितलंत की गावच्या शाळेत तुम्हाला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवायचे. कांबळ्यांच्या पोराला आत यायचंय का, हे विचारावं असं कुणा मास्तराच्या मनातही आलं नाही. तुम्ही आवाज चढवला नाहीत, दातओठ खाल्ले नाहीत. त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी भांडले.

मंडळाचा पहिला ठराव आला तो मधल्या सुट्टीचाच. आपली सुट्टी दोन वाजता. गिरणीची जेवणाची सुट्टी त्याच्या कितीतरी आधी. वरच्या वर्गांतल्या कितीतरी मुलींना, थोड्या मुलांनाही, बापाचा डबा गिरणीच्या फाटकावर पोचवायला लागायचा. चालू तासातून त्या निसटायच्या आणि परत येईपर्यंत माझं गणित आणि तुमचा इतिहास दोन्ही बुडालेलं असायचं. मंडळ म्हणालं, शाळेची सुट्टी गिरणीच्या सुट्टीला जुळवा, म्हणजे कुणाचा तास बुडणार नाही.

वरून बघितलं तर साधी गोष्ट. पण त्या सुट्टीत फाटकावर सभा व्हायच्या, भाषणं व्हायची. नानासाहेबांना वाटलं, डब्याच्या निमित्तानं सगळी शाळा सभेला जाऊन उभी राहणार आणि याच्यामागं कांबळे मास्तर आहेत. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं. म्हणून एक दिवस मी शाळेच्या दारातच सुलूला अडवलं. सुलोचना परब, नववीतली. बाप गिरणीच्या साचाखात्यात मागावर. काटकुळी पोर, वर्गात तोंड उघडेल तर शपथ. म्हटलं, उघड डबा. खालच्या कप्प्यात पत्रकं निघणार याची मला खात्री होती. निघालं बांगड्याचं तिकलं आणि भात. ती एवढंच म्हणाली, "बाई, निवतंय." तुम्ही वरून गॅलरीतून बघत होतात. संध्याकाळी विचारलंत, "काय सापडलं?" मी म्हटलं, "तिकलं. तिरफळं कमी पडली होती." तुम्ही इतके हसलात की चष्मा हातात धरायला लागला. हसा. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा डबा उघडायला लावीन, सांगून ठेवते.

नानासाहेबांनी मग अट घातली. नुसता मंडळाचा ठराव चालणार नाही, वरच्या वर्गांतल्या सगळ्या मुलांचं मत घ्या. मोजायला सावंतबाई, त्यांची सही असेल तरच निकाल मानू. आणि जरा जरी गडबड निघाली तर मंडळ बंद, कांबळ्यांनी दुसरी शाळा बघावी. हे शेवटचं वाक्य तुम्ही मुलांना सांगितलं नाहीत. मला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत होतं. घरी तुमची म्हातारी आई, दोन लहान पोरं. मी म्हटलं, मास्तर, कशाला हा उपद्व्याप? सुट्टी दोनला असली काय आणि बाराला असली काय, तुमचं काय जातं? तुम्ही म्हणालात, "आता मागं घेतलं तर पोरं काय समजतील? विचारणं नुसतं नाटक होतं, असंच ना?"

तुम्ही कुंभाराकडून दोन मडकी आणलीत. एकाला गेरूचा पट्टा, सुट्टी बदला म्हणणाऱ्यांसाठी. दुसऱ्याला चुन्याचा, आहे तीच ठेवा म्हणणाऱ्यांसाठी. आणि मत म्हणजे चिंचोका. पोरांच्या खिशात ते खेळायला असायचेच. ज्यानं त्यानं आपला आणायचा म्हणालात. मी म्हटलं, "अहो, चिंचोके आपण मोजून हातात देऊ. शेजारणीला उसनी साखरसुद्धा आपण वाटीनं मोजून देतो." तर म्हणे, "विश्वास टाकायचा तर पुरता टाकायचा." ऐकलं नाहीत ते नाहीतच.

जिन्याखालच्या खोलीत मडकी ठेवली. एकेक मूल आत जायचं आणि बाहेर यायचं, मी दाराशी हजेरी घेऊन उभी. मग दोघांनी बसून मोजलं. हजेरीपेक्षा चिंचोके जास्त. एखाददुसरा नव्हे, चांगले मूठभर जास्त. मी पुन्हा मोजले, तरी तेवढेच.

"लबाडी," मी म्हटलं. "मी सही करणार नाही."

मला वाटलं होतं, आता हा माणूस हात जोडणार. बाई, सांभाळून घ्या, माझ्या पोटावर पाय येईल, वगैरे. मी कान टवकारून वाट बघत होते, कारण तुम्ही तसं म्हणाला असतात तर माझा इतक्या दिवसांचा संशय खरा ठरला असता. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "करू नका. चला, त्यांनाच विचारू."

सगळ्यांना मोठ्या वर्गात गोळा केलं. तुम्ही सरळ विचारलंत, जास्तीचे चिंचोके कुणी टाकले? माझी खात्री होती की आता सगळे मुकाट खाली बघणार. कसलं काय! मंडळाचा प्रमुख दत्ता ताडकन उभा राहिला. "सर, डबा द्यायला गेलेत ना, त्यांचे आम्ही टाकले. बाकावरच्यानं बाकावरच्याचा. ते इथं नाहीत म्हणून त्यांचं मत का बुडावं?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली, मास्तर, आणि तुमचीही. आपण दोघा शहाण्यांनी मतदान ठेवलं होतं नेमकं डब्याच्या वेळेला! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता ती सगळी पोरं त्या वेळी गिरणीच्या फाटकावर उभी. शाबास आपली.

दत्ता माझ्याच चाळीतला. तो मोठ्या तोऱ्यात मला म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत असता तेव्हा नळावर तुमची कळशी माझी आई लावते. तिला कधी लबाडी म्हणालात?" पोरं खीखी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "दत्त्या, कळशी लावते हे तिचे उपकार. पण त्या पाण्याचा मी चहा करायचा की पाय धुवायचे हे तुझी आई ठरवते का रे? ज्यांचे चिंचोके टाकलेत त्यांना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं?" तो म्हणाला. "त्यांच्याच भल्याचं तर आहे."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात. नानासाहेबांच्या तोंडून हे वाक्य आपण कितीदा ऐकलं होतं.

तेवढ्यात डबेवाली मंडळी एकेक करून परत यायला लागली, घामाघूम. तुम्ही प्रत्येकाला दारातच विचारत होतात, तुझं मत कशाला? बदला, सर. बदला, सर. दत्ता माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मग सुलू आली, रिकामा डबा हातात.

"तुझं मत कशाला, सुलू?"

तिनं डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "बदलू नका."

"येडी काय गं!" दत्ता ओरडला. "तुझा तर मी स्वतः टाकलाय!"

तुम्ही त्याला हातानंच गप्प केलंत. सुलू हळूहळू बोलायला लागली. "आता माझे तास बुडतात म्हणून आई कंटाळलीय. दादा घरीच असतो, डबा त्याला न्यायला लावीन असं अधूनमधून म्हणते. शाळेची सुट्टी जुळली की म्हणेल, आता काय अडचण आहे तुझी? मग डबा कायमचा माझ्याच गळ्यात पडेल." मग एवढासा आवाज काढून म्हणाली, "सुट्टीत मला पण खेळायचं असतं."

मागून आणखी एक मुलगी उठली, "सर, माझं पण तसंच आहे." मग आणखी एक. मघाशी 'बदला' म्हणालेल्यांपैकीच होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्याबरोबर, सगळी हजर असताना, पुन्हा मतदान झालं. चिंचोके मी माझ्या हातानं मोजून वाटले. चुन्याचं मडकं जड निघालं. पहिल्या मोजणीवर सही नव्हतीच, या मोजणीवर मी केली. नानासाहेब काय खूश! म्हणाले, "मुलं तुमच्यापेक्षा शहाणी निघाली की हो, कांबळे." मंडळ वाचलं, तुमची नोकरी वाचली, आणि तुम्ही सुतकी चेहरा करून बसलात. मी चहा मागवला. तुम्ही बशीत ओतलात आणि तसाच निवू दिलात. म्हणालात, "बाई, मी त्या पोरीसाठी भांडत होतो. आणि तिलाच विचारलं नव्हतं." तुमच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली ती तेव्हा. बोलून दाखवली नाही. मी म्हटलं, चहा प्या, थंड होतोय.

आणि सुलूची आई आठवते का? पदर खोचून शाळेत आली होती. "मास्तर, माज्या चेडवाक काय शिकवल्यात? ता म्हणता, मी डबो नेवचंय नाय! बापूस काय उपाशी रवतलो?" सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा आवाज. तुम्ही तिला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "शिकवलं काही नाही हो. विचारलं फक्त." ती म्हणाली, "मगे इचारू नको हुता!" आणि तरातरा निघून गेली. पण पुढच्या आठवड्यापासून सुलूचा दादा तोंड फुगवून डबा नेताना मी स्वतः पाहिला. सुलू मॅट्रिक झाली. काल सभेत मागं भिंतीला टेकून उभी होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून. तिच्या रडण्याचा मला संशय आला नाही.

पण मास्तर, आपलं एक भांडण राहिलं. पहिल्या मतदानातला हिशेब मी नंतर पुरता लावला होता. कुणी कुणाचा टाकला ते दत्ताकडून आणि बाकीच्यांकडून वदवून घेतलं. सगळे जुळले आणि गेरूच्या मडक्यातला एक उरला. तो कुठल्याच पोरानं आपला म्हटला नाही. मडक्यांच्या खोलीत मुलांखेरीज एकच माणूस गेला होता, मडकी ठेवायला. मी तुम्हाला किती वेळा विचारलं. चालताना विचारलं, भांडताना विचारलं, तुमच्या धाकट्याच्या वाढदिवसाला शिरा खाताखाता विचारलं. तुम्ही चष्मा पुसायचात.

राज्य आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन इस्पितळात तुम्हाला बघायला आले. तुम्हाला पथ्य होतं, तुमच्या वाटचा पेढा मीच खाल्ला. तुम्ही किती वाळला होतात. मला बघवेना, म्हणून पुन्हा तेच काढलं. "तो चिंचोका तुमचाच ना?"

"बाई, मुंबई मिळाली! अजून चिंचोका?"

"मुंबई मिळणार हे मला ठाऊक होतं. चिंचोक्याचं ठाऊक नाही."

तुम्ही हसलात, मग खोकलात. म्हणालात, "संशय चांगला, बाई. शाळेला तुमच्यासारखं माणूस हवंच. पण कधीतरी आपल्या संशयाचाही संशय घेत जा." मी चांगलं खरमरीत उत्तर देणार होते. तेवढ्यात नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. ते उत्तर अजून माझ्याजवळच आहे. तुमच्यावाचून ते कुणाच्या उपयोगाचं नाही.

आता मुद्द्याचं ऐका. काल रुमाल खिशात ठेवून नानासाहेबांनी जाहीर केलं की मंडळाला तुमचं नाव देणार. टाळ्या. आणि यापुढे निवडणुकीचा व्याप नको, राज्य मिळालं, आता मुलांनी अभ्यास करावा, मंडळातली मुलं हेडमास्तर नेमतील, हुशार आणि शिस्तीची बघून. पुन्हा टाळ्या. तुमच्या फोटोला हार घालता घालता तुमचा गळा आवळला हो त्यांनी, आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

आज सकाळी मंडळाची पोरं शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पुढं कुसुम, यंदाची प्रमुख. म्हणाली, "बाई, आम्ही काल बसून ठरवलंय. निवडणूक आम्हाला हवी. आणि मोजायला तुम्ही हव्या."

मी म्हटलं, "मी? का गं? मी काय तुमची लाडकी बाई आहे?"

"नाही," ती म्हणाली. तिला खोटं बोलायचीही गरज वाटली नाही. "तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही. आमच्यावरही नाही. तुम्ही बरोबर म्हटलंत की मग कुणाला काही बोलता येत नाही."

मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि गिरगावला फोन लावला. नानासाहेब म्हणाले, "सावंतबाई, तुम्ही? तुम्ही तर पहिल्यापासून या मंडळाच्या विरुद्ध!" मी म्हटलं, "अजूनही आहे. निवडणूक सोमवारी प्रार्थनेनंतर आहे, मोजायला मी बसणार आहे. मला कामावरून काढायचं असेल तर सोमवारच्या आत काढा." ते म्हणाले, बघू. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला ठाऊक आहे, पण हेडमास्तर पहिल्यांदाच खिडकीबाहेर न बघता माझ्याकडे बघत होते.

परत आले तर पोरं तिथंच उभी. मी कुसुमला बाजूला घेतलं आणि विचारलं, "खरं सांग. हे तुम्हाला मास्तरांनी सांगून ठेवलं होतं ना? इस्पितळात भेटायला गेला होतात तेव्हा?" पोरांनी एकमेकांकडे बघितलं. कुसुम म्हणाली, "नाही बाई. आमचं आम्ही ठरवलं."

आता सांगा, यावर काय समजू मी? तुम्ही पढवून गेला असाल, तर मास्तर, तुम्ही हरलात. तो निर्णय पोरांचा नव्हताच, मरतानाही तुम्ही त्यांच्यासाठी ठरवून गेलात. आणि पढवलं नसेल, तर तुम्ही जिंकलात, माझ्यासकट सगळ्यांना पुरून उरलात. पोर खरं बोलत होती असं मला वाटतं. फार वाटतं. पण खात्री करून घ्यायला एकच माणूस होता, आणि काल मी त्याच्याच फोटोला हार घातला.